वेगळां काय आसा?

आमचे शेजारी भिकू मास्तर जवळच्याच चोपडे गावाहून येणाऱ्या मासेवालीचीही मुलाखत घेतात. "तुज्या बांगड्यांत वेगळां काय आसा?" ती पाटी आपटून म्हणते, "वास घेवन बघा, मास्तर!" मास्तर खरंच वास घेतात, बोटानं दाबून बघतात आणि मगच मोजायला सांगतात.

निवृत्त झाले तरी पेडण्यातली अर्धी पोरं त्यांच्याच हाताखालून जातात. मोठ्या कॉलेजचा अर्ज मास्तरांच्या सोप्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा इथला रिवाज. 'मला समाजसेवेची आवड आहे' आलं की मास्तरांचा हात वर. "सगळ्यांकच आसता. काड!" एका पोराचा दोन पानी अर्ज असा छाटत छाटत नाव-पत्त्यावर आला. "आता निदान खोटां काय रवलां नाय," मास्तर म्हणाले.

माझ्या लेकीला, मृणालला, परदेशातल्या एका नामांकित विद्यापीठात जायचं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तरच जमणार, नाहीतर नाही. अर्जात स्वतःबद्दल निबंध हवा होता. ती रोज सकाळी मास्तरांकडे वाचनाच्या सरावाला जायचीच. त्यात आता वेगळेपणासाठी त्यांनी तिला घुमट हे मडक्यासारखं वाद्य वाजवायला बसवलं. पंधरा दिवसांत आमचा कुत्रा पलीकडच्या वाड्यावर राहायला गेला. शेवटी तिनं निबंध एकटीनं लिहिला आणि मास्तरांना न दाखवता पाठवून दिला. मास्तर रुसले; तिच्यावर नाही, माझ्यावर.

निवडीचं पत्र आलं, शिष्यवृत्तीसकट. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आम्ही दोघं पेढे घेऊन गेलो, पण मास्तर म्हणाले, "आदी निबंध वाच."

मृणाल चुळबुळली. मग इंग्रजीचं मराठी करत वाचू लागली.

"आमचे मास्तर एकदा पेपरातला फोटो बघून डिचोलीला सांत्वनाला गेले. ज्याचा फोटो, त्यानंच दार उघडलं. ती निधनाची नव्हे, वाढदिवसाची जाहिरात होती. गाव हसलं. मला मात्र कळलं, मास्तरांना आता अक्षर दिसत नाही. मुलं यायची बंद होतील म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवते, आणि आम्ही दोघंही त्याला माझा सराव म्हणतो."

भिंतीला भिंत लागून राहतो, तरी मला हे कळलं नव्हतं. फार लाज वाटली.

"सगळां लिवलंस, चेडवा?"

"हां, मास्तर."

"बरां केलंस. दोन वर्सां नाटक करून मी कंटाळलंय." आणि मास्तरांनी आमच्यादेखत, काही न लपवता, चाचपत चाचपत पेढ्यांचा पुडा शोधला.

मृणाल गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घेऊन सोप्यावर गेलो.

"कोण तो?"

"मी सुरेश. पेपर वाचूक इलंय."

"तुज्या वाचण्यात वेगळां काय आसा?"

"कायच नाय, मास्तर."

त्यांनी बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"चलतलां. आदी वाढदिवस वाच."