कौसाची रिकामी बाज

त्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायको अंगणात एक बाज कसत होतो. कौसानं नवारीच्या पट्टीचं एक टोक धरलेलं. मी लाकडाला पाय लावून दुसरं टोक ओढत होतो.

"अजून ताना," ती म्हणली.

"अगं, तुटंल."

"तुटू द्या, दुसरी आणू. ढिल्या बाजेवर लेकराची पाठ मोडती."

अंधारून आलं तसं म्हणली, "ऱ्हाऊ द्या आता. ऱ्हायलेलं सकाळी करू."

सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. दुपारपर्यंत माणसं जमली, सगळं आटोपलं. बाज अंगणात तशीच अर्धी.

तुम्ही कौसाला बघितलं नाही, म्हणून सांगतो. सेलूत मुलींचं एक वसतिगृह आहे, त्याची ती कारभारीण. लहानपणी तिथंच राहून मॅट्रिक झाली. मी चौथी. पुढं ते चालवणाऱ्या लोकांनी वसतिगृह बंद करायचं ठरवलं, तवा तिथं राहून गेलेल्या बायांनी मंडळ काढलं आणि वर्गणी करून घर मंडळाच्या नावावर केलं. कुणी मास्तरीण, कुणी नर्स, कुणी शेतात राबणारी. घर सांभाळायचं काम कौसाकडं आलं. एक तर आम्ही दोन गल्ल्यांवर राहायचो, आणि दुसरं, तिच्याशी भांडून कुणी जिंकत नव्हतं.

उन्हाळा सरला, नव्या पोरी यायच्या झाल्या, की ही बाई एकेका बाजेवर झोपून बघायची. नुसती टेकायची नाही. चांगली डुलकी काढायची, दोन्ही कुशींवर. "बाज बोलली की पोरगी जागती, अन् जागली की नापास होती," हे तिचं शास्त्र. बोलणारी बाज दुरुस्तीला माझ्या अंगणात. एकदा देवगाव फाट्याकडचा एक बाप पोरीला घेऊन आला, तर खोलीत ही घोरत पडलेली.

"ह्या कोण?" त्यानं दारातूनच मला विचारलं.

"कारभारीण. काम करायली," मी म्हणलो.

मी दारातच होतो, कारण पुरुषानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही हा तिचाच कायदा. नवऱ्यालासुद्धा माफी नव्हती.

त्या घरात खिडकीपाशी एक बाज कायम रिकामी ठेवलेली. ती जुन्या पोरींची. लग्न होऊन गेलेली कुणीही, कधीही, पिशवी घेऊन आली तर तिनं तिथं पडायचं. का आलीस, कधी जाणार, असं कुणी पुसायचं नाही. फक्त म्हणायचं, "जेवलीस का?" नव्या पोरींना कौसा पहिल्या दिवशी हेच शिकवायची.

आमचं भांडण झालं की ही पण पिशवी घेऊन तिकडंच. माहेर दोन गल्ल्यांवर! मी उंबऱ्यापाशी जाऊन हाक मारायचो. आतून एखादी पोरगी ओरडायची, "कौसाबाई हितं न्हाईत!" आणि मागं ती जुनी बाज कुरकुरायची. म्हणजे आहे. मी निवांत घरी यायचो.

तिचे आईबाप लवकर गेले. चुलत्यानं वसतिगृहात आणून सोडलं, तो परत न्यायला आलाच नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही भाकरी थापता थापता.

आता मंडळाची अध्यक्ष सुमन आहे. शाळेतून रिटायर झालेली, कौसाला अक्का म्हणणारी. कौसा जायच्या थोडे दिवस आधी ती तिला म्हणली, "अक्का, जागा न्हाई म्हणून पोरी माघारी जायल्या. त्या मोडक्या बाजेच्या जागी दुमजली कॉट बसवू. दोन लेकरं शिकतील."

मला ते पटलं. मी तसं बोललो. कौसा माझ्याकडं बघून म्हणली, "ज्याला माहेर हाय, त्यालाच ही बाज रिकामी दिसती."

शेवटी ठरलं, की ऐतवारच्या मीटिंगपर्यंत बाज धड होऊन जागेवर दिसली तर राहील, नाहीतर कॉट येईल. म्हणून ती खिडकीपाशची बाज आमच्या अंगणात आलेली.

माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातोडी घेतली. शेजारचा भाऊराव धावत आला. "आबा, सुतकात काम करतेत का?"

"हे काम न्हाई," म्हणलो. "तिनं सकाळी करू म्हणलं हुतं."

सांध्यात पाचर ठोकली. पण नवार एकट्याला ताणता येईना. इकडं ओढली की तिकडं ढिली. तेवढ्यात सुमन पिठलं-भाकरी घेऊन आली, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. माझ्याकडं बघत उभी राहिली. मग डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं.

"अजून ताना, दाजी."

मी ताणली.

पुढून तिनं, मागून मी, अशी बाज उचलून गल्लीतून निघालो. ओट्यावरचे लोक हात जोडून उभे राहायले. मी म्हणलो, "बसा, बसा. रिकामी हाय."

उंबऱ्यापाशी मी थांबलो. पोरींनी माझ्या हातातलं टोक धरलं.

"आत या, दाजी. आज कोण अडवतंय," सुमन म्हणली.

"कौसा," मी म्हणलो. "सुमन, तू झोपून बघ. कुरकुरती का सांग."

ती आत गेली. बाज खिडकीपाशी ठेवल्याचा आवाज आला. मी कान देऊन उभा राहिलो. सवय. बाज काही बोलली नाही.

"न्हाई दाजी, कुरकुरत न्हाई," सुमनचा आवाज आला. जरा वेळानं, बारीक, "कॉट दुसरीकडं बघू."

मग ती रडायली. बाहेर काही आली नाही. आतून एक पोरगी हळूच म्हणली, "बाई, जेवलात का?"

मी घरी आलो. सुमनचा डबा उघडला आणि भाकरी खाल्ली.