ताप वाढविण्याची हकिगत

आरोग्य देणाऱ्या जगदंबेस नमन करोन, आणि थोरामोठ्यांचा रोष पत्करोन, जैसे घडले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सरे, भाद्रपदमासी एका राज्यात तापाने धुमाकूळ मांडिला. गनीम कोण म्हणाल तर डास, आणि त्याचा तळ कोठे म्हणाल तर घरोघरच्या रांजणांत, कारण नळाचे पाणी आपल्या लहरीने येई आणि रयत ते साठवोन जपे. सरदारांनी मसलती केल्या, फलक लाविले, फलकांवर आपली मुखकमले छापविली, आणि गनीम त्या फलकांमागेच सुखाने नांदला. मग राज्यातील तरुण पोरापोरींनी कंबर बांधिली. त्याच समयी समुद्रापलीकडील मुलुखातून काही तरुण, आपली रीत सांगावी व इकडील शिकावी, या हेतूने आले होते, तेही सामील जाहले. त्यांत तोबियास नामे एक मोठा मनमिळाऊ. त्यास भाषा शिकविणे द्वारका नामे पोरीने पत्करिले. तोबियास कान देवोन ऐके. देवळात नारळ फोडिला तेव्हा लोक म्हणाले, "नारळ वाढवला." द्वारकेच्या आईची बांगडी फुटली तेव्हा ती म्हणाली, "वाढली गं बाई." निजतेवेळी आजी म्हणाली, "दिवा वाढव." मग त्याने मनी निश्चय केला, की या सभ्य राज्यात संपविणे यास वाढविणे म्हणतात.

मग खालच्या आळीत स्वारी गेली, आणि तोबियासने चौकात हात जोडोन गर्जना केली, "मायबापहो, आम्ही तुमचा ताप वाढवायला आलो आहोत! आधी लेकरांचा वाढवू!" पटापट कड्या लागल्या. आतून भागूबाई ओरडली, "लेकरांचा वाढवतोस? चालता हो, मुडद्या!" तिचा पुत्र केरबा नुकताच गेला होता, आणि आत मुलगी चिंगी तापाने कण्हत होती, ते बाहेर ऐकू येत होते. द्वारकेने चूक समजाविली तेव्हा तोबियास उंबऱ्याशी मटकन बसला आणि रडू लागला. मग दाराशी तोंड नेवोन म्हणाला, "मावशी, माझा शब्द चुकला. तुम्ही फुटलं म्हणत नाही, विझलं म्हणत नाही. मग मी काय म्हणू?"

मग कडी निघाली. भागूबाई म्हणाली, "आम्ही वाईट बोलत नाही रे बाबा. बोललं की घरात येतं म्हणतात. केरबाला नुसतं पडसं झालंय, असं मी आळीभर सांगत फिरले. काय उपयोग झाला? न बोलताच आलं ते." आणि आळी ऐकेल ऐशा आवाजाने म्हणाली, "मेला माझा केरबा. तापानं मेला. हिला तरी न्या." द्वारकेने चिंगीस कडेवर घेतले आणि दवाखान्याकडे धावली. भागूबाईने स्वहस्ते रांजण उपडा केला. ते पाहोन शेजारचे दार किलकिले जाहले, आणि एक म्हातारा हळूच म्हणाला, "आमच्या सुनेलाही ताप आहे, पोरांनो." मग दारे उघडत गेली, आणि दोन्ही मुलुखांच्या पोरांनी आळीतील रांजण घासोन कोरडे केले.

सारांश, ताप हटला तो त्या पोरांच्या कष्टाने व एका मातेच्या जिभेने. अशा ठायी 'देवाज्ञा जाहली' ऐसे लिहावे हा आम्हा बखरकारांचा रिवाज. भागूबाईने तो मना केला. सबब तिच्या शब्दांत लिहिले आहे: केरबा, वय वर्षे सात, तापाने मेला. बहीण चिंगी जगली.