टेलिफोनबाईंनी घर पाडलं

“दुपारच्या जेवणाआधी हा बग मारला नाही, तर टेलिफोनबाई नाव लावणार नाही!”

ही प्रतिज्ञा टेलिफोनबाईंनी सकाळी साडेनऊला, केस विंचरता विंचरता केली. कुणी करायला सांगितली नव्हती. पण चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारांशी झोंबून निवृत्त झालेल्या बाईला प्रतिज्ञेशिवाय काम सुचत नाही. निवृत्तीनंतर मैत्रिणी विणकामाकडे वळल्या, बाई ओपन सोर्सकडे वळल्या. ओपन सोर्स म्हणजे कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा आणि फुकट वापरून वर नावं ठेवावीत असा प्रोग्राम. बाई सांभाळायच्या तो प्रोग्राम तसा चिमुकला. मशीनला नेटवर्कच्या ज्या काही जोडण्या असतील, त्यांतली हवी ती चालू करायची, नको ती बंद करायची. थोडक्यात, नळाची तोटी!

आदल्या संध्याकाळी या तोटीबद्दल तक्रार आली होती. नदीची पातळी मोजणाऱ्या केंद्रातल्या एका माणसाने लिहिलं होतं, “एक जोडणी बंद केली की तिच्यासारख्या नावाची दुसरीही बंद पडते. मग यंत्र हाताने चालू करायला टेकडीवर तीनशे बारा पायऱ्या चढाव्या लागतात. या आठवड्यात सात वेळा चढलो. पाणी वाढतंय, खालच्या गावांना तासातासाला आकडे जायला हवेत. काहीतरी करा, बाई.”

ते ‘काहीतरी करा, बाई’ बाईंच्या काळजात रुतलं.

बग, म्हणजे प्रोग्राममधली खोट, काय ते त्यांना दहा मिनिटांत कळलं. प्रोग्राम पूर्ण नाव वाचतच नव्हता, नुसती सुरुवात बघत होता. ‘काका’ म्हणून हाक मारावी आणि काकांच्या मागोमाग काकाकुवाही उडत यावा, तसला प्रकार! बाईंनी दुरुस्ती केली. नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत तंतोतंत जुळलं तरच ओ द्यायची. आता राहिली चाचणी. ती करायची कशावर, तर घरातल्या कपाटावर ठेवलेल्या नेटच्या डबीवर. त्या डबीत बाईंचाच प्रोग्राम होता आणि दोन जोडण्या होत्या. ज्यावर सगळ्यांचं नेट चालायचं, तिचं नाव ‘घर’. दुसरी कायम खुपसलेली, वीज खाणारी आणि काडीचं काम न करणारी. तिचं नाव बाईंनी ‘घरजावई’ ठेवलं होतं.

“आई, अकरा वाजता माझी मुलाखत आहे,” सून खोलीच्या दारातून म्हणाली. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले दोष हुडकायची नोकरी होती. दोन वर्षं घरी काढल्यावर पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. “तासभर नेटला हात लावू नका हं. प्लीज.”

“‘घर’ला बोट लावणार नाही. फक्त घरजावयाला पाडते, म्हणजे बंद करते. तो पडला काय, उठला काय, कुणाला पत्ता लागतोय!”

अकरा वाजून दहा मिनिटांनी बाईंनी लॅपटॉपवरून हुकूम सोडला. घरजावई बंद!

पडद्यावर काही उमटलं नाही. बाईंनी पुन्हा एक बटण दाबलं. लॅपटॉप ढिम्म. आणि घरात तीन गोष्टी एकदम घडल्या. दिवाणखान्यात बाईंच्या नवऱ्याचा, म्हणजे सुनेच्या सासरेबुवांचा, बुद्धिबळाचा सामना टीव्हीवर गोठला. खोलीत सुनेचं “माझी सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे...” हे वाक्य हवेत लटकलं. आणि बाई खुर्चीतून ताडकन उठल्या.

“अगं, वजीर मरणार होता!” सासरे ओरडले.

“आई!” सून बाहेर आली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांत होती. “काय केलंत?”

“घर पडलं,” बाई पुटपुटल्या.

सुनेने फोन उचलला आणि जिन्याकडे धावली. त्या इमारतीत फोनची रेंज यायची ती फक्त जिन्यातल्या खिडकीशी. तिने मुलाखत घेणाऱ्या तिघांना पुन्हा फोन लावला, स्पीकर चालू केला आणि धापा टाकत एका दमात खरं काय ते सांगून टाकलं, “माफ करा! सासूबाईंनी घर पाडलं! सगळं घर पाडलं!”

हे तिघांनी ऐकलं. आणि खालच्या मजल्यावर शिवणयंत्र चालवणाऱ्या काकूंनीही ऐकलं.

वर बाई स्टुलावर चढल्या होत्या. एरवी डबीशी बोलायचं तर नेटमधूनच, आणि नेट तर बाईंनीच पाडलेलं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच.

“डबी बंद करून चालू कर की,” सासरे म्हणाले.

“केली! पण एकदा बंद केलेली जोडणी बंदच ठेवायची, हे मीच शिकवलंय तिला. भलती आज्ञाधारक निघाली मेली! अहो, टीव्ही आणा. डबीला थेट पडदाच जोडते.”

टीव्ही आणला. पण वायर निघाली हातभर. म्हणून सासरेबुवा कपाटाखाली टीव्ही छातीशी धरून उभे राहिले. बाई स्टुलावर, कीबोर्ड कपाटावर.

“सूनबाई, मी बघते! तू तुझं बोल!”

पण जिन्यात, सुनेने खुलासा केल्यावर, फोनमधून कुणीतरी विचारत होतं, “घर म्हणजे नेटवर्कची जोडणी होय? मग ती पडली कशामुळे? विचारा ना तुमच्या सासूबाईंना.”

सुनेने तिथूनच विचारलं, “आई, तुम्ही नेमकं काय टाइप केलंत?”

“घरजावई बंद!”

“पडद्यावर काय आलं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे? ‘असं नाव सापडलं नाही’, एवढंसुद्धा नाही?”

“नाही गं!”

“आई, जोडण्यांच्या यादीत घरजावईच्या शेवटी चुकून एखादी मोकळी जागा राहिलीय का बघा.”

बाईंनी पाहिलं. होती. स्वतःच्या हाताने, कधीतरी घाईत सोडलेली! जुना प्रोग्राम नुसती सुरुवात बघायचा, म्हणून ती खपून गेली. नव्याने नाव तंतोतंत मागितलं आणि त्याला घरजावई सापडलाच नाही.

“आणि काहीच नाव न देता ‘बंद’ म्हटलं तर हा प्रोग्राम काय करतो?” सुनेने विचारलं.

बाई हळूच म्हणाल्या, “सगळंच बंद करतो. तशी सोय मीच ठेवलीय. नाव सापडलं नाही, तेव्हा नावच दिलं नाही असं धरून बसला मेला!”

“मग आत्ता नदीवरच्या त्या माणसाला तुमची दुरुस्ती पाठवली असतीत, आणि त्याच्याही यादीत अशी एखादी जागा असती, तर...”

“बास! पुढचं सांगू नकोस!” तीनशे बारा पायऱ्या, फुगलेली नदी, आणि आकड्यांची वाट बघणारी गावं बाईंच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यांनी पदर खोचला. “अहो, टीव्ही हलवू नका! तीन ओळी लिहायच्यात!”

“हात भरून आलेत गं!”

“श्वाससुद्धा घेऊ नका!”

तेवढ्यात जिन्यात बुटांचा दणदणाट झाला. शिवणवाल्या काकूंनी अग्निशामक दलाला फोन केला होता. हेल्मेट घातलेले तीन जवान सुनेला ओलांडून आत घुसले.

“पडलेलं घर कुठंय?” त्यांच्या प्रमुखाने विचारलं.

“थांबा, उठतंय!” स्टुलावरून बाई गरजल्या. “आधी ह्यांचा टीव्ही धरा. पडेल!”

प्रमुख बावीस वर्षं नोकरीत होता, पण असा हुकूम त्याला कुणी दिला नव्हता. त्याने मुकाट्याने टीव्ही धरला. बाईंनी आधी मोकळ्या जागा छाटल्या. मग नाव नाहीच सापडलं, तर तसं सांगायचं आणि गप्प बसायचं, एवढं प्रोग्रामला बजावलं. घरजावई उठवला. उठला! घर उठवलं. घर उठलं! घरजावई पाडला, तरी घर जागच्या जागी! घरजावई पुन्हा उठवला. मग छातीवर दगड ठेवून घर पाडलं, आणि घरजावई हूं की चूं न करता उभा राहिला. पुन्हा घर उठवलं.

“उठलं!” बाई ओरडल्या. जवानांनी, का ते न कळूनही, टाळ्या वाजवल्या. नंतर प्रमुखाने अर्धा तास बाईंना खोटी वर्दी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. जाताना मात्र आपल्या अग्निशामक केंद्राचं नेट वारंवार का जातं, तेही विचारून गेला.

बाईंनी लगेच दुरुस्ती पाठवून दिली. नदीवरच्या माणसाचं उत्तर संध्याकाळी आलं. “दोन्ही जोडण्या वेगवेगळ्या चालताहेत. आकडे गेले. आज खुर्चीतून उठलो नाही.” बाईंनी ते तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

सुनेला नोकरीही लागली. मुलाखत अर्ध्यावर सोडून तिने जे हुडकलं, त्यावर तिघेही खूश होते.

बाईंनी इमारतभर पेढ्यासारखी ती बातमी वाटली. कामाच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी सून घरी आली, पाणी प्यायली आणि अतिशय आदराने म्हणाली, “आई, मला काम मिळालं. आमची कंपनी तुमचाच प्रोग्राम वापरते. त्याचे सगळे दोष मी काढायचे. आज एकोणीस सापडले. यादी पाठवलीय, शुक्रवारपर्यंत उत्तर हवं.”

सुनेने सासूच्या चुका काढायच्या, आणि वर त्याचा पगार घ्यायचा! बाईंनी नवऱ्याकडे दाद मागितली. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.