दोन रुपयांत एक नंबर पुढं

मी तुम्हाला सांगतो, हा जमाना सुट्ट्या रुपयांचा आहे! शंभराची नोट मोडायची म्हणजे जीव जातो. मोबाइलवरच्या रुपयाचं काय, बोट लावलं की गेला! आणि बोट लावण्यात अख्ख्या मुकुंदवाडीत माझा हात धरणारा कुणी नाय.

आमच्या नव्या कॉलनीत घरं झाली, रस्ता झाला, नळसुद्धा बसले. फक्त पाणी यायचं राहिलं! त्या दुष्काळी उन्हाळ्यात सगळा भार टँकरवर. टँकरच्या मालकानं ॲप काढलेलं. एक रुपया भरा, टँकर कुठं आलाय ते बघा. दोन रुपये भरा, रांगेत एक नंबर पुढं सरका!

रविवारी अकराला करमाडचे पाहुणे आमच्या ज्ञानेश्वरीला बघायला येणार होते, आणि हौद ठणठणीत कोरडा.

"अहो, ड्रायव्हरला फोन लावा की," बायको, सत्यभामा, म्हणाली.

"फोन कशाला? चौथा नंबर आहे आपला. बघ आता गंमत!"

दोन रुपये. तिसरा! दोन रुपये. दुसरा! आणखी दोन. "जिंकलो!" मी ओरडलो आणि ऐटीत चहा मागितला.

"पाणी कुठाय?" सत्यभामा म्हणाली.

तेवढ्यात मोबाइल टुणकन वाजला. 'तुमचा नंबर: दुसरा.'

"मेलो!" कोण हा चोर? भरले दोन रुपये. पहिला! टुण. दुसरा! अर्धा तास हेच. मोबाइल तव्यासारखा तापला.

"अहो," सत्यभामा म्हणाली, "तुम्ही 'मेलो' म्हणलं की भिंतीपलीकडून केसरबाई 'जिंकले' म्हणतात. लई वेळ ऐकतीय मी!"

मी भिंतीवरून डोकावलो. शेजारच्या केसरबाई मोबाइल घेऊन घामाघूम!

"केसरबाई, तुम्ही?"

"मग? सुनेचं डोहाळजेवण हाय आज. पन्नास बाया जेवायला!"

"इथं माझ्या पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे!"

"मग भरा दोन रुपये!"

दोघांनी एकदमच भरले. तोच हॉर्न वाजला. टँकर! आम्ही मोबाइल नाचवत धावलो.

"माझा पहिला नंबर!"

"माझा!"

ड्रायव्हर कडुबानं खिशातून रबर लावलेला बटणांचा फोन काढला. "मला ह्याच्यात काय दिसत नाय, साहेब. पाइप कुणाचा तयार हाय?"

पाइप! आमचा माळ्यावर, केसरबाईंचा गच्चीवर. समोरचे मोतीरामदादा मात्र सकाळपासून हौदात पाइप सोडून ओट्यावर बसलेले. अख्खा टँकर त्यांच्याकडं रिकामा झाला!

"पुढची खेप उद्या," म्हणून कडुबा गेला.

मोतीरामदादांनी आम्हा दोघांना चार-चार हंडे दिले, म्हणून अब्रू वाचली. पोरगी पसंत पडली. नवरदेवाच्या बापानं हात धुवायला पाणी मागितलं, तेव्हा सत्यभामेनं ते वाटीतून दिलं, एवढंच.

संध्याकाळी मोबाइल वाजला. 'पाणी मिळालं नाही? एक रुपया भरून तक्रार नोंदवा.'

सत्यभामा आत आहे ना, ते बघून मी भरला. लगेच उत्तर आलं, 'तक्रार नोंदवली. ती साहेबांनी वाचावी असं वाटत असल्यास दोन रुपये.'

आता तुम्हीच सांगा, न वाचलेल्या तक्रारीचा काय उपयोग?