मूठभर मांस

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार खिडकीवर जो माणूस बसायचा, तो अंगाने पाप्याचं पितर आणि स्वभावाने अगदी मऊ. म्हणून ऑफिसात त्याचं नाव पडलं होतं लोणी. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी हा म्हणायचा, "बरोबर आहे तुमचं." घरीही तीच तऱ्हा. मेहुण्याने ‘दोन दिवसांसाठी’ नेलेली स्कूटर दीड वर्ष झालं तरी परत आली नव्हती आणि तिच्यात पेट्रोल मात्र हाच भरून देत होता. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात. मेहुणा पहार घेऊनच आला होता.

एक दिवस एका बाईंनी खिडकीत डोकावून विचारलं, "तुमच्यात कोणी मोठं माणूस नाही का रे?" लोणी तेव्हा चाळिशीला आला होता. त्याच संध्याकाळी त्याने जिममध्ये नाव घातलं.

तीन महिने घाम गाळूनही शर्ट होता तितकाच ढगळ राहिला. शेवटी दरवाजाला त्याची दया आली. दरवाजा हा जिममधला सगळ्यात जुना भिडू. तो चौकटीत उभा राहिला की बाकीच्यांना आत-बाहेर करता येत नसे, म्हणून हे नाव. त्याने लोणीला कोपऱ्यात नेऊन स्टेरॉइडच्या गोळ्यांची एक बाटली हातात ठेवली.

"पहिल्यांदाच घेतोयस, म्हणून नीट ऐक. भरपूर खायचं, भरपूर उचलायचं. आणि डोकं सांभाळायचं. यानं राग फार येतो. मी एकदा लिफ्टला मारलं होतं."

"लिफ्टमधल्या माणसाला?"

"लिफ्टला."

खरं सांगायचं तर दंडांपेक्षा लोणीला रागाचंच जास्त आकर्षण वाटलं. त्याची बायको औषधांच्या दुकानात कामाला होती, तेव्हा तिला सांगायचा प्रश्नच नव्हता. बाटली कपाटात जुन्या बुटांमागे गेली आणि स्वयंपाकघरात अंडी आली. सकाळी अंडी, दुपारी बिनमिठाची उकडलेली कोंबडी, संध्याकाळी पुन्हा अंडी. "एवढं कशाला?" बायकोने विचारलं. "तब्येत," लोणी म्हणाला. तिने मान डोलावली आणि मोठं पातेलं काढून दिलं. इतक्या सहज पटल्याचं त्याला थोडं नवल वाटलं, पण त्याचं तोंड भरलेलं होतं.

ऑफिसात दर तीन तासांनी त्याचा मोबाइल कोंबड्यासारखा आरवू लागला. आरवला की लोणी खिडकीवर ‘थोडं थांबा’ची पाटी लावून डबा उघडायचा. शेजारच्या दोघांनी टेबलं लांब सरकवली. तिसऱ्याने मागची खिडकी उघडली, ती थंडीतही बंद केली नाही. अखेर साहेब स्वतः खाली आले.

"रांग पार रस्त्यापर्यंत गेलीय, आणि तुम्ही इथे अंडी सोलत बसलाय?"

एरवी लोणीने अंडं खिशात घातलं असतं. पण सकाळची गोळी त्याला आठवली. पोटातून काहीतरी गरम वर येतंय असंही वाटलं. आला वाटतं राग, असं मनाशी म्हणत त्याने त्याला आनंदाने वाट करून दिली.

"साहेब, एवढ्या गर्दीला तुम्ही एकच माणूस बसवलाय! अजून एक द्या. मग रांगही सरकेल आणि माझी अंडीही सोलून होतील!"

एका गिऱ्हाइकाने टाळी वाजवली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोर लोणीच बसलाय याची खात्री झाल्यावर ते म्हणाले, "बघतो." पुढच्या आठवड्यात शेजारी दुसरी खिडकी उघडली.

त्या दिवसापासून लोणीच्या अंगावर खरोखरच मूठभर मांस चढलं. काल न हललेलं वजन आज उचललं जाई. शर्ट खांद्यात घट्ट झाला. तो घरातल्या आरशासमोरून जाताना उगीचच हळू चालू लागला. आणि अशातच मेहुणा आला.

"भावोजी, टाकी जरा रिकामी आहे."

"टाकी राहू दे. किल्ली काढ."

"कसली किल्ली?"

"स्कूटरची. फुकट्या! हेल्मेटही ठेव!"

मेहुणा हेल्मेट घालून जो सुटला तो थेट वडिलांकडे गेला. रविवारी सासरेबुवा मुलाला घेऊन हजर झाले आणि पंख्याखालची खुर्ची पकडून बसले.

"जावईबापू, आमच्या पोराला तुम्ही फुकट्या म्हणालात?"

साहेबांपुढे न डगमगलेला लोणी सासऱ्यांपुढे जरा पातळ झाला. मग त्याने खरं सांगून मोकळं व्हायचं ठरवलं. "बाबा, तो मी नव्हतोच. माझ्या गोळ्या बोलल्या." आणि बायकोकडे न बघता त्याने सगळं सांगून टाकलं. बायको शांतपणे कपात चहा ओतत राहिली.

"काहीतरी थापा मारतायत," मेहुणा म्हणाला. "पुरावा काय?"

लोणीने लगेच फोन केला. थोड्याच वेळात दरवाजा तिरका होऊन घरात शिरला आणि साक्षीला उभा राहिला.

"राग येतोच, काका. यांचा दोष नाही. रागच काय, झोपसुद्धा उडते." तो लोणीकडे वळला. "झोप उडाली ना?"

"छे! पडल्या पडल्या लागते."

"पाठीवर पुळ्या?"

"नाहीत."

"बीपी? छातीत धडधड? माझी तर जिना चढताना सुद्धा..."

"अजिबात नाही."

दरवाजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग तुला झालं तरी काय?"

"राग आला ना!"

बायकोने किटली खाली ठेवली. "बाटली मला पहिल्याच दिवशी सापडली. त्या गोळ्या केव्हाच नष्ट करून टाकल्या. तू खातोयस ते कॅल्शियम. रंग जुळवायला दुकानातली चार कपाटं धुंडाळली मी. लिव्हर काय भाड्याने आणलंय?"

लोणीने दंड चाचपून पाहिला. दंड जागेवरच होता.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. तेवढ्यात तू साहेबांना बोललास. म्हटलं, जरा थांबावं. स्कूटर यायची राहिली होती."

"म्हणजे," मेहुण्याचा आवाज चिरकला, "ते सगळं तुम्ही शुद्धीत असताना बोललात?"

आता आपल्याला ओशाळल्यासारखं होणार, म्हणून लोणीने थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही. "हो," तो म्हणाला. "तसंच दिसतंय."

सासरेबुवांनी मुलाकडे हात पुढे केला. "आण ती किल्ली."

"बाबा!"

"आण म्हणतो ना. मला हेच बोलायचं होतं गेली कित्येक वर्षं. मला कोणी गोळ्याच दिल्या नाहीत!"

मेहुणा पायी आणि सासरे रिक्षाने गेल्यावर लोणी स्कूटर पुसायला खाली उतरला. दरवाजा मात्र घुटमळत राहिला. मग तो स्वयंपाकघरापाशी आला. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी बारीक निघाला.

"वहिनी, त्या कॅल्शियमच्या अजून आहेत का?"

"आहेत की. का हो?"

त्याने खिशातून स्वतःची बाटली काढून ओट्यावर ठेवली. "डॉक्टर किती दिवस ओरडतायत. पण सोडल्या असं कळलं, की मला आरशात आपण बारीकच दिसायला लागतो. तुम्ही यांच्यासारख्या बदलून द्या ना. फक्त मला कळू देऊ नका."

"आधी डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर. ते म्हणतील तसंच करायचं."

"येतो. पण बदलाल ना?"

तिने बाटली हातात घेतली, उजेडात धरून रंग पाहिला आणि म्हणाली, "बरं, तिकडे तोंड करा."

दरवाजा भिंतीकडे वळला आणि त्याने दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घेतले.