सेबुन्याची पिशवी आणि केळीची बाग

सेबुन्याने हवामान वाचवायचं ठरवलं आणि त्यासाठी नेमका बायकोची आत्या जेवायला येणार होती तोच रविवार निवडला. (शहाणा माणूस असलं काही शनिवारी ठरवतो आणि रात्री झोपेत विसरून जातो.)

कंपाला शहरातल्या त्याच्या ऑफिसात एका पाहुण्याने भाषण ठोकलं होतं. साबुदाणा ज्याचा करतात त्या कसाव्याच्या कंदापासून प्लॅस्टिक होतं, त्याला खनिज तेल लागत नाही, वापरून झालं की त्याची माती होते. सेबुन्याला तेवढं पुरलं. घरामागची केळीची बाग तोडायची, कसावा लावायचा आणि कारखान्याला विकायचा. अडचण एकच होती. बाग बायकोची, नाकिमेराची, रोपं तिच्या आत्याने लग्नात दिलेली. आत्याबाईंच्या होकाराशिवाय तिथलं पानही हलत नसे.

म्हणून आत्याबाईंना पटवायला तो त्या दिवशी स्वतः चुलीपाशी गेला. सोललेली हिरवी केळी वाफवायला पानांत बांधतात, ती त्याने ऑफिसातल्या पाहुण्याने वाटलेल्या कसाव्याच्या पिशवीत बांधली.

"अहो, पानं तोडून ठेवलीत ना मी!" नाकिमेरा ओरडली.

"अगं, पान झाडाचं, पिशवीही झाडाचीच. फरक काय?"

"फरक चुलीला कळेल."

चुलीला लगेच कळला. आत्याबाईंनी पहिला घास घेतला, तर बोटापासून ताटापर्यंत वितळलेल्या पिशवीची तार निघाली.

"जावईबापू, हे गिळायचं की छपराला लावायचं?"

"आत्याबाई, ही पिशवी कसाव्याच्या कंदाची. बाग तोडून कसावा लावू, याने जगातला धूर कमी होतो," सेबुन्या घाम पुसत म्हणाला.

"कसा? कंद कारखान्यात कशाने जाणार?"

"ट्रकने."

"कारखाना कशावर चालतो?"

"डिझेलवर... बहुतेक."

"आणि पान?"

"पान मागच्या दारातून येतं. पण तेलाच्या पिशवीपेक्षा ही बरी!"

"असेल बाई. पण तुम्ही तेलाची पिशवी सोडून ही आणलीत का? तुम्ही पान सोडून आणलीत. वर पानाचं झाडच तोडायला निघालात!"

भाषणात पानाचा विषयच निघाला नव्हता. तरी हार कशी मानायची?

"पण हिची माती होते!"

"मग पुरा बागेत," आत्याबाई हात धुवायला उठल्या. "माती झाली की खुशाल बाग तोडा. तोवर कोयता लावायचा नाही."

सेबुन्याने तो चिकट गोळा मोठ्या आशेने पुरला. तेव्हापासून दर रविवारी तो कुदळ घेऊन बागेत जातो, उकरून बघतो. गोळा जसाच्या तसा चकाकत असतो. आपण चुकीच्या जागी पुरला असेल, या शंकेने तो त्याला दुसऱ्या झाडाखाली हलवतो. असं करत करत सगळी बाग खणून झाली. भुसभुशीत मातीत केळी अशी फोफावली की घड पेलायला टेकू द्यावे लागले.

आत्याबाई आता गावभर सांगत सुटल्यात, "आमच्या जावयाला केळीच्या बागेचं भारी वेड हो!"