हात खांद्याच्या वर गेला की

लिलाव पुकारणाऱ्याचं पोट बिघडलं तर चालतं, गळा बिघडून चालत नाही! माझा गळा असा, की आमच्या लिलावघरात मी ‘एक वार’ म्हटलं की समोरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकायचा. मालक अधूनमधून विचारायचे, "एखादा भोंगा आणू या का?" मी म्हणायचो, "कशाला? बिचारा लाजेल!"

त्यामुळे पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं तेव्हा मी पोटाची चौकशी केलीच नाही. थेट भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"श्वासाची नळी घशातूनच घालणार?"

"कानातून अजून जात नाही."

"बाई, हा गळा म्हणजे माझं दुकान आहे हो!"

बाई समंजस होत्या. "नळी बारीक घालते. तिच्या फुग्यातली हवाही मोजूनमापून ठेवते. तरी घसा थोडा खवखवेल, दोन-चार दिवसांत जाईल. घोट घोट पाणी प्या, बर्फ चघळा. मात्र ओरडायचं नाही. आणि कुजबुजायचंही नाही, त्यानंही ताण पडतो."

सगळं पटलं. पण शुद्धीवर आलो आणि वाटलं, मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो, मग गळा का नको? घेतला श्वास आणि ठोकली आरोळी, "एक वार!"

‘दोन वार’ बिजागरीसारखं निघालं. ‘तीन वार’ला नुसतं तोंड हललं.

"मला काही घ्यायचं नाही हो!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून म्हणाला.

बाई धावत आल्या. "आता आठ दिवस तोंड पूर्ण बंद!"

"वाढवून मिळतील का?" बायकोनं आशेनं विचारलं.

आणि आठवड्याच्या आतच मोठा लिलाव! मालकांनी बदली म्हणून माझ्या मेहुण्याला उभं केलं. या मेहुण्याचा आवाज म्हणजे डबीत कोंडलेला डास. मी निर्धास्त होतो. पण मालक जाता जाता बोलून गेले, "जो भाव चढवेल, त्याचा पुकारायचा चौरंग!"

झालं! झोप उडाली. गळ्याला मफलर, तोंडात बर्फ, अशा थाटात मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. चौरंगावर मेहुणा. त्याच्या मागे भिंतीवर मीच रंगवून घेतलेली पाटी: ‘ओरडू नये. हात खांद्याच्या वर गेला की बोली. बोली मागे घेता येत नाही.’

माझ्या गळ्याशी स्पर्धा नको, म्हणून केलेला नियम होता तो!

पहिलाच माल निघाला एक जुना, पोचे पडलेला भोंगा. एका मांडववाल्यानं आळसावून हात वर केला. त्याच क्षणी माझा घसा खवखवला. मी मफलर सारखा केला.

"भाऊजींची बोली!" मेहुणा चिरकला.

मी ‘नाही, नाही’ म्हणून हात हलवला.

"भाऊजींनी स्वतःवरच चढवली! वा!"

मांडववाला सावरून बसला. लिलाव पुकारणाराच मागतोय म्हणजे भोंग्यात काहीतरी आहे, असं त्याला वाटलं. त्यानं चढवली. मी मेहुण्यावर मूठ उगारली. ती बोली. मागे वळून मालकांना डोक्यावर हात नेऊन जोडले. तीही बोली! सांगायला तोंड उघडलं, तर बर्फाचा खडा तेवढा बाहेर पडला. शेवटी दोन्ही हात डोक्याला लावले.

"एकदम दोन बोल्या!"

मांडववाल्यानं मला कोपरापासून नमस्कार केला आणि हात खिशात घातले.

"एक वार, दोन वार, तीन वार! भोंगा भाऊजींचा!"

मालकांचे डोळे भरून आले. "भंगाराला हा भाव! गळा नसताना! पोरात जादू आहे!" चौरंग मेहुण्याला कायमचा मिळाला.

घरी बायको भोंग्याकडे बघत राहिली. "एक गेला म्हणून दुसरा आणलात?"

आता माझा गळा ठणठणीत आहे, पहिल्यापेक्षाही खणखणीत! पण मेहुण्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, म्हणून मालक माझा भोंगा लावतात. लिलावाच्या दिवशी तो खांद्यावर टाकून मीच नेतो. वाटेत ‘बाजूला व्हा हो!’ म्हणून ओरडावं लागतं.

न्हाव्याचा वस्तरा अजूनही थबकतो. तेवढंच आपलं समाधान.